ध्वनिमुद्रणाचे पुनर्संस्करण आणि साधनचिकित्सा

प्रस्तावना :
इतिहासाच्या अभ्यासात लिखित कागदपत्रांप्रमाणेच ध्वनिमुद्रण हेही साधन आहे. जुने ध्वनिमुद्रण नव्या तबकडीवर पुन्हा प्रसिद्ध होते, तेव्हा श्रोत्याच्या हाती नेमके काय येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पार्श्वभूमी :
मेहली मेहता यांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. त्यांचे पुत्र झुबिन मेहता (जन्म मुंबई, १९३६) हे १९६२ ते १९७८ या काळात लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत-संचालक होते. या वाद्यवृंदासह त्यांनी डेक्का कंपनीसाठी केलेले ‘स्टार वॉर्स’च्या संगीताचे ध्वनिमुद्रण पुढे अमेरिकेतील मोबाइल फिडेलिटी कंपनीने दर्दी श्रोत्यांसाठी पुनर्प्रकाशित केले. ध्वनिफीत व तबकडी कोरणारे यंत्र निम्म्या वेगाने चालविल्यास उच्च स्वरांचे बारकावे अधिक अचूक कोरता येतात. ही त्या कंपनीची ख्याती होती.

मूळ पाठ कोणता? :
पहिली आवृत्ती म्हणजेच मूळ, हा समज तपासून पाहावा लागतो. मोठ्या आवाजातील खर्जाचे स्वर तबकडीवर अधिक जागा व्यापतात. म्हणून कोरताना ते अनेकदा कमी केले जात. अशा वेळी नवी आवृत्ती ध्वनिफितीच्या अधिक जवळ जाऊ शकते. परंतु ध्वनिफीतही कालांतराने जीर्ण होते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत (१९१९-१९६६) स्वीकृत पाठाखाली पाठभेद नोंदविलेले आहेत. पुनर्संस्कारित तबकडीवर मात्र अशी नोंद अभावानेच आढळते. निव्वळ अ‍ॅनालॉग समजून घेतल्या जाणाऱ्या मोबाइल फिडेलिटीच्या अनेक तबकड्यांच्या निर्मितीत डिजिटल टप्पा असल्याचे २०२२ मध्ये उघड झाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्या तबकड्यांच्या आवाजाची रसिकांनी पूर्वी प्रशंसाच केली होती. उणीव नादाची नव्हती, साधनाची माहिती न देण्याची होती.

निष्कर्ष :
वर्धा जिल्ह्यातील अभ्यासकांना हा प्रश्न परका नाही. १९३६ पासून सेवाग्रामी राहिलेल्या महात्मा गांधींचा आवाज १९३१ साली लंडनमध्ये कोलंबिया कंपनीने तबकडीवर मुद्रित केला होता. अशा तबकडीवरील खरखर काढताना ‘स’, ‘श’ यांसारखे उच्चारही बोथट होऊ शकतात. म्हणून कोणती प्रत वापरली, काय काढले व काय वाढविले, याची नोंद प्रत्येक पुनर्संस्करणासोबत असावी. त्या नोंदीविना ते श्रवणीय ठरेल. विश्वसनीय साधन ठरणार नाही.