नाक्यावरची वायरिंग

कनेरगाव नाक्यावर दिवसभर दोन पाट्या जास्त दिसतात, एमएच 38 आणि एमएच 37. पहिली हिंगोलीची, दुसरी वाशीमची. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. गाडी थांबली की ड्रायव्हरच्या तोंडाआधी पाटी आणि पाटीआधी हेडलाइट बघायची सवय जडलेली आहे. अकोल्याहून वाशीम, हिंगोली, नांदेड करत देगलूरकडे जाणारा हा 161 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग. हळद, सोयाबीन, कापूस, सिमेंट, सगळं याच रस्त्यानं हलतं.

जिल्हे दोन्ही अलीकडचे. वाशीम 1 जुलै 1998ला अकोल्यातून निघालं, हिंगोली 1 मे 1999ला परभणीतून. मधली हद्द मात्र जुनी. 1853मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, कशापायी तर स्वतःच्याच नावानं उभ्या केलेल्या फौजेचा थकलेला खर्च. त्या फौजेची एक छावणी हिंगोलीतच होती. 1902ला कर्झननं वर्षाला 25 लाख रुपये ठरवून वऱ्हाड कायमचं पट्ट्यानं घेतलं. म्हणजे इथून उत्तरेला इंग्रजांचा अंमल आणि दक्षिणेला निजामाचा.

हद्द आली की जकात आली. निजामाच्या राज्यात तिला करोडगिरी म्हणत, आणि 1802च्या व्यापारी तहापासून तिचा दर शेकडा पाच. बैलगाडी नाक्यावर उभी राहायची, गोण्या मोजल्या जायच्या, कारकून लिहून घ्यायचा. दरबाराची भाषा उर्दू, गाडीवानाची मराठी. पैसेही दोन तऱ्हेचे, वऱ्हाडात कळदार आणि इकडे हाली. सहा कळदारला सात हाली असा ढोबळ हिशेब. त्या दप्तरात गाडीवानाचं म्हणणं येण्याचा प्रश्नच नव्हता. गाडीत काय होतं ते येई, आणि तेही कारकून म्हणेल तेवढंच.

1947-48मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून निघालेल्या पोरांनी मराठवाड्यात ठिकठिकाणी करोडगिरीची नाकी जाळली, दप्तरं पेटवली. निजामाविरुद्धच्या त्या लढ्याच्या गोष्टींत बंदुका आणि हातबाँब जास्त रंगवून सांगतात. मला दप्तरं पेटवण्याची गोष्ट जास्त समजते. रस्त्यावर काय घडलं हे लिहिणारा एकच असला आणि तो आपला नसला, की राग कागदावरच निघतो. 17 सप्टेंबर 1948ला निजाम शरण आला, तरी राज्याराज्यांतली जकात एका रात्रीत गेली नाही. राज्यघटनेच्या कलम 306नं जुन्या संस्थानांच्या राज्यांना काही वर्षांची मुभा ठेवली होती. 1956च्या राज्य पुनर्रचनेबरोबर ते कलमही गळालं, आणि 1 नोव्हेंबरला मराठवाडा आणि विदर्भ दोन्ही द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. एसटीला एक व्हायला मात्र 1961 उजाडलं. तोवर मराठवाड्याची बससेवा निराळी आणि विदर्भाची निराळी.

पुढे रस्त्याची नोंद पोलिसांच्या पंचनाम्यात गेली. अपघात झाला की दोन पंच, टायरचे घासल्याचे व्रण, गाडी कोणत्या बाजूला तोंड करून उभी होती, काचा कुठे पडल्या. पंच म्हणजे बहुधा जवळच्या टपरीवर चहा पीत बसलेला माणूस. ट्रकचा ड्रायव्हर तोवर शेतातून पळालेला असायचा, कारण थांबला तर जमाव. आणि पळाला की गुन्हा त्याचाच. मोठी गाडी आणि छोटी गाडी भिडली तर चूक मोठीची, हा कायदा कुठल्या पुस्तकात नाही, पण या रस्त्यावर सगळ्यांना पाठ आहे. ट्रकच्या बाजूनं बोलणारा साक्षीदार असला तर तो क्लीनर. त्याची साक्ष कोण धरणार?

क्लीनरबद्दल जरा सांगतो. आता ड्रायव्हर गाडीला डॅशकॅमेरा लावून घेतात; त्यातला पुढचा कॅमेरा नवा आहे, मागचा नाही. मागचा कॅमेरा म्हणजे क्लीनर. गाडी रिव्हर्सला घ्यायची झाली की तो उडी मारून मागे जायचा, फाळक्यावर तळहात थोपटत "येऊ द्या, येऊ द्या" ओरडायचा, आणि एक जोराची थाप म्हणजे बस. रात्री ढाब्यावर डिझेल चोरणारा, ताडपत्रीची दोरी कापणारा, हे सगळं बघणं त्याचंच काम. मी 1990 नंतर उस्तादांच्या हाताखाली लागलो तेव्हा क्लीनर नसलेला ट्रक दिसला तर आम्ही विचारायचो, पोरगा आजारी आहे का. आता मालकाला दोन पगार परवडत नाहीत. क्लीनर गेला, आणि त्याच्या जागी आधी रिव्हर्सचा गाणारा हॉर्न आला, मग सेन्सर, मग कॅमेरा. बिघडलेला कॅमेरा मी दुरुस्त करतो; पण टायर पंक्चर झालं तर तो जॅक लावत नाही, एवढंच त्याचं उणं.

उस्तादांनी हात बसवला तो लष्कराच्या लिलावातून आलेल्या विलीज जीपवर, सहा व्होल्टची. नंतर बारा व्होल्ट, आणि ट्रकला दोन बॅटऱ्या जोडून चोवीस. या चोवीसनं आमच्या धंद्यात मोठा घोळ घातला. कॅसेटचा डेक बारा व्होल्टचा, म्हणून कारागीर दोन बॅटऱ्यांच्या मधूनच वायर काढायचे. गाणी वाजायची, पण एक बॅटरी दुसरीपेक्षा जास्त उतरायची, आणि चार्जिंग दोघींना सारखंच. मग एक कायम उपाशी, दुसरी उकळणारी, आणि वर्षभरात दोन्ही भंगारात. उस्ताद अशी वायर दिसली की मालकाला न विचारता कापायचे. आज कॅमेराही काहीजण असाच जोडतात. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर मिळतो, बारा-चोवीस दोन्हीवर चालणारी वायरिंग किट मिळते. चार पैसे वाचवायला मधली वायर काढू नये.

डेकनंतरच्या काळात गाडीत जे जे बसलं ते बहुतेक सरकारनं बसवायला लावलेलं. 1 जानेवारी 2019 पासून नोंदणी होणाऱ्या भाड्याच्या नव्या प्रवासी गाड्यांना जीपीएस आणि धोक्याचं बटण आलं. फेब्रुवारी 2021मध्ये फास्टॅगची सक्ती झाली. दोन्हींची नोंद जाते दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. काळीपिवळीवाले मला हसून म्हणायचे, "भाऊ, करोडगिरी परत आली की." मी म्हणायचो, पावती तरी आता मराठीत येते. तीही बहुधा इंग्रजीत येते, ते सोडा.

डॅशकॅमेरा ही ड्रायव्हरनं स्वतःहून मागितलेली पहिली वस्तू. जगात त्याचं नाव झालं ते रशियामुळे. तिकडे खोटे दावे आणि वाहतूक पोलिसांचा जाच यापायी लोकांनी घरोघरच्या मोटारींत कॅमेरे लावले होते, आणि 15 फेब्रुवारी 2013ला चेल्याबिन्स्कवर उल्का फुटली ती त्या कॅमेऱ्यांत चहूबाजूंनी टिपली गेली. आमच्याकडे उल्का नव्हे, कलम पडलं. नव्या न्याय संहितेच्या 106 कलमात, जीवघेणा अपघात करून पोलिसांना न कळवता निघून गेलेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आली, आणि जानेवारी 2024च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर स्टेअरिंग थांबली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारनं चर्चेचा शब्द दिला. 1 जुलै 2024ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पण ड्रायव्हरच्या डोक्यात गोष्ट बसली होती. थांबलो तर मार खाणार, पळालो तर आत जाणार. मग निदान आपल्याकडे चित्र तरी असावं. त्या संपापासून माझ्याकडे कॅमेऱ्याची विचारणा वाढली.

घेताना लोक पहिला प्रश्न विचारतात, "किती मेगापिक्सेल?" मी विचारतो, उन्हात गाडी कुठे उभी असते? आमच्याकडे मे महिन्यात पारा 43-44ला जातो, आणि बंद काचांच्या आत त्याहून कितीतरी जास्त. आत लिथियमची बॅटरी असलेला कॅमेरा अशा उन्हात फुगतो. म्हणून कपॅसिटरवाला घ्यावा. चित्र पुढून टू-के असलं तरी भागतं, मागून हजारऐंशी पुरतं. रात्रीची खरी परीक्षा नंबरप्लेटची. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना आलेल्या हाय सिक्युरिटी पाट्या हेडलाइटच्या उजेडात इतक्या चमकतात की साध्या कॅमेऱ्यात नुसता पांढरा पट्टा दिसतो. उजेड-अंधार सांभाळणारा सेन्सर यासाठी हवा. दुकानात दिवसा दाखवलेल्या चित्रावर जाऊ नये.

बसवायची जागा आरशाच्या मागे, ड्रायव्हरची नजर अडणार नाही अशी, आणि वायपर फिरतो त्या पट्ट्यात. पावसाळ्यात वायपर न पोचणाऱ्या काचेतून पैनगंगेचा पूरही दिसायचा नाही. काच स्पिरिटनं पुसायची, टेप दाबून धरायची, आणि वायर छताच्या अस्तरात बोटांनी सरकवत खांबातून खाली आणायची. ज्या गाडीत पडद्यासारखी एअरबॅग खांबातून उघडते तिथे वायर बॅगेच्या मागूनच न्यायची, पुढून नाही; नाहीतर बॅग उघडताना तीच वायर फटका मारेल. फ्यूज बॉक्समधून तीन जोडण्या लागतात: कायम करंट, चावीवरचा करंट आणि बॉडी अर्थ. रंग लागलेल्या नटावर अर्थ दिला की कॅमेरा खड्ड्यात बंद पडतो आणि पुन्हा चालू होतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं माल खोटा. उभ्या गाडीत कॅमेरा चालू ठेवायचा असेल तर बॅटरी ठराविक व्होल्टेजखाली गेली की तोडणारा कटऑफ लावून द्यावा. सकाळी धक्का मारायची पाळी आली की ड्रायव्हर कॅमेऱ्याला शिव्या देतो, आणि थोड्या मलाही.

मागचा कॅमेरा खरा वेळखाऊ. मोटारीत त्याची वायर डिक्कीच्या बिजागराशी असलेल्या रबराच्या नळीतून न्यावी लागते. वायर बाहेरून टाकली तर चार महिन्यांत दारात चेपून तुटते. ट्रकला पंधरा-वीस मीटर केबल चासीच्या आतून, सायलेन्सरपासून लांब, नळीत घालून बांधायची. उंदीर आणि घूस यांना नवी वायर फार आवडते. हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या किंवा वसमतच्या मोंढ्यातून आलेल्या गाडीच्या मागच्या कॅमेऱ्याची काच पिवळी झालेली असते; कॅमेरा बंद पडला म्हणून आलेल्या माणसाला मी पहिल्यांदा फडकं देतो. आणि ताडपत्री बांधणारे हमाल तिची झालर हमखास कॅमेऱ्यावर टाकतात.

कॅमेरा लावला म्हणजे साक्ष तयार झाली असं नाही. कार्ड भरलं की जुनं पुसून वर नवं लिहिलं जातं, दोन कॅमेऱ्यांचं मिळून काही तासांचंच राहतं. म्हणून अपघात झाला की लॉकचं बटण दाबायचं आणि कार्ड काढून ठेवायचं. घड्याळ बरोबर नसेल तर समोरचा वकील पहिला तेच धरतो. वेळेची किंमत मराठवाड्याला नव्यानं सांगायला नको. चित्रीकरण कोर्टात कसं चालतं याचा सुप्रीम कोर्टाचा 2020चा मोठा निकाल जालन्याच्या खटल्यातला आहे, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. 2014च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की वेळ टळल्यावर, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवरून ठरवायचं होतं. कोर्टानं सांगितलं, नक्कल दाखल करायची तर सोबत कायद्यानं ठरवलेला दाखला पाहिजेच. मूळ यंत्रच त्याच्या मालकानं आणून दाखवलं तर दाखल्याची गरज नाही. आता ती तरतूद साक्ष अधिनियमाच्या 63 कलमात आहे. मी ड्रायव्हरला एवढंच सांगतो, व्हॉट्सॲपवर फिरवलेला तुकडा म्हणजे पुरावा नव्हे, मूळ कार्ड जपून ठेव.

अलीकडे मालक तिसरा कॅमेरा घेऊन येतात, आतल्या बाजूला तोंड केलेला. ड्रायव्हर डुलकी घेतो का, फोनवर बोलतो का, वाटेत कुणाला बसवून पैसे घेतो का, हे मालकाला घरबसल्या मोबाइलवर बघायचं असतं. मालकाचं म्हणणं चुकीचं नाही; डुलकीनं माणसं मरतात. पण ड्रायव्हरला मिळालेली पहिली स्वतःची वही इथे पुन्हा दुसऱ्याच्या हातात जाते. एकदा एका मालकानं ड्रायव्हरला चहाला पाठवून मला हळूच म्हटलं, "दादा, कळू न देता बसवता येईल का?" आरशाच्या मागे लपवता येतो, वायर दिसणारही नाही, सगळं जमतं. मी म्हटलं, चहा पिऊन येऊ द्या त्याला. तो आल्यावर त्याच्यासमोर कॅमेरा बसवला, आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करून दाखवलं, आणि पुढच्या कॅमेऱ्याचं कार्ड कसं काढायचं ते त्याच्याच हातानं दोनदा करून घेतलं. मालकानं मजुरीत शंभर रुपये कमी दिले.