सहा महिन्यांचा नियम कुठून आला?

आमच्या घरी पिल्लू आलं तेव्हा ते नऊ आठवड्यांचं होतं. पहिली रात्र ते रडलं, दुसऱ्या रात्री आम्ही रडायचे बाकी होतो. तिसऱ्या दिवशी मी कुत्र्यांच्या प्रशिक्षण वर्गांना फोन लावायला सुरुवात केली.

पहिले प्रशिक्षक म्हणाले, “फार लहान आहे. सहा महिन्यांचं झालं की आणा.” दुसरे म्हणाले, “महिनाभर आमच्याकडे सोडा, सरळ करून देतो. मालक कोण, ते त्याला कळलं पाहिजे.” तिसऱ्या फोनवर एक ताई होत्या. त्यांनी आधी लसीची तारीख विचारली. मग म्हणाल्या, “येत्या रविवारी या. घरातले सगळे या. उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे आणा.”

तिघंही अनुभवी होती. मग उत्तरं इतकी वेगळी का? शोधत गेल्यावर लक्षात आलं, की ही तीन माणसं तीन वेगवेगळ्या काळांतून बोलत होती.

सुरुवात जर्मनीत होते. झारब्रुकन शहरातले पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट १९०६पासून पोलिसांसाठी कुत्रे तयार करू लागले. १९१० साली त्यांनी त्यावर पुस्तक लिहिलं. कुत्र्याला माणसाची नीतिमत्ता कळत नाही, आपण केलं त्याचं लगेच काय फळ मिळतं त्यावरून तो शिकतो, हे मोस्टनी तेव्हाच ओळखलं होतं. पण त्यांना हवा होता गुन्हेगारावर धावून जाणारा, हुकमाचा ताबेदार कुत्रा. त्यामुळे त्यांच्या हत्यारांत चोक चेन होती, आत वळलेल्या काट्यांची कॉलर होती आणि छडीही होती. पुढे दोन महायुद्धांत सैन्यांनी हजारो कुत्रे वापरले आणि ही शिस्त जगभर पसरली. आपल्याकडेही पाळीव कुत्र्यांना शिकवणारे अनेक जण लष्कराच्या किंवा पोलिसांच्या श्वानपथकातून आलेले असतात. दिवसभर मराठी बोलणारं घर कुत्र्याशी मात्र ‘सिट’, ‘स्टे’, ‘हील’ असं इंग्रजीत बोलतं. हे शब्दही अशाच कवायतीतून आले आहेत.

साध्या घरातल्या कुत्र्यासाठी वर्ग ही कल्पना रुजवण्यात अमेरिकेतल्या हेलन व्हाइटहाउस वॉकर यांचा मोठा वाटा आहे. त्या पूडल पाळायच्या. पूडल म्हणजे नुसतं शोभेचं कुत्रं, अशी लोकांची चेष्टा असे. ती खोटी ठरवायला त्यांनी १९३३ साली न्यूयॉर्कजवळच्या माउंट किस्को इथे आज्ञापालनाची परीक्षा भरवली. आठ कुत्रे आले. तीन वर्षांत अमेरिकन केनेल क्लबने या परीक्षांना मान्यता दिली. १९३७ साली वॉकर आणि त्यांच्या सहकारी ब्लांश सॉन्डर्स गाडीमागे ट्रेलर जोडून, सोबत पूडल घेऊन निघाल्या आणि प्रात्यक्षिकं दाखवत सुमारे सोळा हजार किलोमीटर फिरल्या. सॉन्डर्सबाईंच्या १९४६च्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच असा, की कुत्र्याला शिकवायला आधी तुम्हाला शिकवते.

ही फार मोठी गोष्ट होती. कुत्रा तज्ज्ञाकडे सोडून यायचं नाही, आपण शिकायचं. पण हातातली साखळी मात्र तीच राहिली. आधी आज्ञा, मग पट्ट्याला झटका, मग शाबासकी. १९६२ साली विल्यम कोलर यांचं पुस्तक आलं आणि झटका आणखी कडक झाला. कोलर युद्धकाळात लष्करी कुत्र्यांना शिकवत, नंतर डिस्नेच्या चित्रपटांसाठी प्राणी तयार करत. बागेत खड्डे खणणाऱ्या कुत्र्यासाठी त्यांचा उपाय होता, की तोच खड्डा पाण्याने भरायचा आणि कुत्र्याचं तोंड त्यात बुडवायचं.

आता सहा महिन्यांचा नियम पाहा. चोक चेनचा झटका नऊ आठवड्यांच्या पिल्लाची मान सोसू शकत नाही आणि मनही सोसत नाही. म्हणून थांबायचं. म्हणजे ‘पिल्लू लहान आहे, शिकत नाही’ हे पिल्लाबद्दलचं सत्य नव्हतंच. ती त्या पद्धतीची मर्यादा होती. पुढे अनेकांच्या हातातली चेन सुटली, नियम तेवढा तोंडात राहिला.

गंमत म्हणजे, याच काळात अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत नेमकं उलटं दिसत होतं. १९६१ साली तिथल्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लं उंच कुंपणाच्या मैदानात माणसांपासून दूर वाढवली. काहींना वेगवेगळ्या वयात आठवडाभर माणसांच्या सहवासात आणलं. काहींना चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही. ती पिल्लं नंतर माणसाला जवळ येऊ देईनात, रानटी प्राण्यासारखी वागू लागली. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ साली पाच जातींवरचं तेरा वर्षांचं काम पुस्तकात मांडलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ठरवतं, की जगात काय ओळखीचं आणि काय भीतीचं. नंतर ती खिडकी मिटत जाते.

वर्ग उघडत होते सहाव्या महिन्यात, म्हणजे खिडकी मिटल्यावर. त्यात १९७८ साली पार्व्हो हा नवा विषाणू जगभर पसरला आणि पिल्लं पटापट मरू लागली. सगळ्या लसी होईपर्यंत पिल्लाला घराबाहेर काढू नका, असं डॉक्टर सांगू लागले. त्यांची भीती खरी होती. पण त्यामुळे दारं दोन्हीकडून बंद झाली.

ती उघडली इयन डनबार यांनी. हे इंग्लंडहून कॅलिफोर्नियात आलेले पशुवैद्य, प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक. त्यांनी मॅलम्यूट जातीचं पिल्लू घेतलं, तर त्याला घेणारा वर्गच सापडेना. मग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःच वर्ग काढला. त्यात पिल्लं मोकळी, पट्टा नाही, शिकवायचं ते खाऊ आणि खेळ वापरून. पट्ट्याशिवाय शिकवता येतं, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ सालीच लिहून ठेवलं होतं. खाऊ देण्याच्या क्षणी ‘टिक’ आवाज करणारं खेळणं वापरा, असं त्यांनी सुचवलं होतं. डॉल्फिनना शिकवणाऱ्या कॅरन प्रायर यांनी १९८४च्या पुस्तकातून ही वाट सामान्य वाचकांपर्यंत नेली. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही, त्यामुळे तिथे दुसरा इलाज नव्हताच.

दुसऱ्या प्रशिक्षकांच्या ‘मालक कोण’चाही इतिहास आहे. १९४७ साली रूडोल्फ शेंकेल यांनी बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांना अनोळखी, कोंडलेले लांडगे भांडत होते, त्यातून ‘अल्फा’ची कल्पना आली. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनी आपल्या १९७०च्या पुस्तकातून ती लोकप्रिय केली आणि १९९९ साली स्वतःच दुरुस्त केली. रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं. तिथे रोज सत्तेची लढाई नसते.

२००८ साली अमेरिकेतल्या वर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेने जाहीर केलं, की पहिल्या लसीनंतर सात दिवसांनी, सात-आठ आठवड्यांचं पिल्लूही वर्गात नेता येतं. तीन वर्षांखालच्या कुत्र्यांच्या मृत्यूचं पहिलं कारण संसर्ग नसून वर्तनाच्या तक्रारी आहेत, असंही त्यात म्हटलं होतं. म्हणजे चावतो, भुंकतो, आवरत नाही म्हणून नकोसे झालेले कुत्रे.

हे वाचताना मला आमच्या जुन्या सोसायटीतला लॅब्रेडोर आठवला. सात महिने गॅलरीत बांधलेला. नंतर लिफ्टमध्ये माणूस दिसला की अंगावर जायचा. एक दिवस तो दिसेनासा झाला. ‘गावाकडे शेतावर दिला’ असं कळलं. कुणाचं शेत, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

२०२० साली पोर्तुगालमध्ये वेगवेगळ्या प्रशिक्षण शाळांतल्या ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला. शिक्षा जास्त वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाच्या खुणा जास्त दिसल्या आणि वर्गानंतर लाळेतलं ताणाचं संप्रेरकही जास्त वाढलं. पण खाऊची पिशवी दिसली म्हणजे वर्ग चांगला, असंही नाही. वीस पिल्लं एका खोलीत सोडली आणि एक घाबरट पिल्लू कोपऱ्यात चेपलं गेलं, तर तेही भीतीच शिकतं.

म्हणून मी पिल्लाला घरी ठेवून आधी एक वर्ग नुसता पाहिला. येऊ देतात का, हाच पहिला प्रश्न. कुत्र्याचं चुकलं तर तुम्ही काय करता, हा दुसरा. लसीचं कार्ड तपासता का, फरशी कशाने पुसता, एका वेळी किती पिल्लं घेता, हे त्यानंतरचे. ताईंकडे सहाच पिल्लं होती. एक मुलगी हेल्मेट घालून शांतपणे फिरत होती, एक आजोबा छत्री उघडत-मिटत बसले होते.

पुढच्या रविवारी आमचं पिल्लू त्या छत्रीला घाबरून माझ्या पायांत शिरलं. कुणी त्याला ओढलं नाही. आजोबांनी छत्री मिटून जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर चिकनचा तुकडा ठेवला. तुकडा उचलायला त्याला अकरा मिनिटं लागली. अकरावा आठवडा चालू होता. वेळ होता अजून.