हालचालींचे तंत्रिकाजन्य विकार, मधुमेह व वृक्कनिष्फलता यांतील

मधुमेह आणि वृक्कनिष्फलता (मूत्रपिंडांचे कार्य बंद पडणे) हे दोन्ही विकार जडलेल्या रुग्णात तंत्रिका तंत्राच्या (मज्जासंस्थेच्या) बिघाडामुळे हातापायांचा कंप, स्नायूंचे झटके, ताठरपणा, अनैच्छिक हालचाली, पायांची अस्वस्थ चाळवाचाळव किंवा चालताना तोल जाणे अशी लक्षणे उद्भवतात. त्यांचे कारण एकच नसते. रक्तातील साखरेचे चढउतार, शरीरात साचणारी त्याज्य द्रव्ये, तंत्रिकांची झीज व प्रसंगी खुद्द उपचार यांमुळे ती निर्माण होतात. यांपैकी पुष्कळ विकार भरून येणारे आहेत. परंतु हे ध्यानात येण्यास दीर्घ काळ लागला. रुग्ण जसजसे अधिक जगू लागले, तसतसे हे विकार वैद्यकाच्या दृष्टीस पडले, असे त्यांच्या इतिहासावरून दिसते.

चरकसंहितेत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेहाची गणना वातज प्रकारांत केली आहे. हातापायांची बधिरता व दाह ही प्रमेहाची पूर्वलक्षणे म्हणून तेथे नोंदलेली आहेत. यूरोपात फ्रेंच वैद्य मार्शल द काल्व्ही यांनी १८६४ मध्ये तंत्रिकांचा विकार हा मधुमेहाचे कारण नसून त्याचा परिणाम आहे, असे प्रतिपादन केले. तत्पूर्वी लंडन येथे रिचर्ड ब्राइट (१७८९–१८५८) यांनी १८२७ पासून मूत्रपिंडाच्या रोगाची वर्णने प्रसिद्ध केली. अशा रुग्णांना अखेरीस आचके येऊन बेशुद्धी येते, हे त्या काळी सर्वपरिचित होते. त्यामुळे झटके म्हणजे मृत्यूची चाहूल अशी समजूत रूढ झाली.

इन्शुलिनाच्या शोधामुळे (१९२१) मधुमेही दीर्घकाळ जगू लागले आणि मधुमेहाचे उशिरा दिसणारे परिणाम पुढे आले. १९३६ मध्ये किमेलस्टील व विल्सन यांनी मधुमेहात मूत्रपिंडातील केशवाहिन्यांच्या गुच्छांत होणारे बदल वर्णिले. नेदर्लंड्समध्ये व्हिलेम कॉल्फ (१९११–२००९) यांनी १९४३ मध्ये कृत्रिम मूत्रपिंड प्रथम रुग्णासाठी वापरले. १९६० मध्ये सिॲटल येथे बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रोहिणी व नीला जोडणारी कायम नलिका योजिल्यावर अपोहन (डायलिसिस) वर्षानुवर्षे करणे शक्य झाले.

मूत्रपिंडे निकामी होऊनही रुग्ण जगू लागल्यावर तंत्रिकांचे विकार सविस्तर अभ्यासता आले. १९६३ मध्ये ॲस्बरी, व्हिक्टर व ॲडम्स यांनी मूत्रविषरक्ततेतील (मूत्रावाटे जाणारी द्रव्ये रक्तात साचण्याच्या अवस्थेतील) बहुतंत्रिका विकाराचे वर्णन केले. पसरलेल्या हाताचा पंजा क्षणभर खाली पडून पुन्हा सावरणे हे लक्षण १९४९ मध्ये यकृताच्या रोगात वर्णिले गेले होते. ते मूत्रविषरक्ततेतही आढळते. रात्री पाय स्थिर ठेवणे अशक्य करणारी अवस्था टॉमस विलिस यांनी सतराव्या शतकात नोंदली होती व कार्ल एकबॉम यांनी १९४५ मध्ये तिचे सविस्तर विवेचन केले. अपोहनावरील रुग्णांत ती वारंवार आढळते.

जीव वाचविणारा उपचारही अपायकारक ठरू शकतो, हे १९७० च्या दशकात प्रत्ययास आले. अमेरिकेतील डेन्व्हर येथे ॲल्फ्री व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये अपोहनावरील रुग्णांत वाचा अडखळणे, स्नायूंचे झटके व बुद्धिभ्रंश यांचे वर्णन केले. १९७६ मध्ये त्यांनी त्याचा संबंध ॲल्युमिनियमाशी जोडला. ते अपोहनाच्या पाण्यातून व औषधांतून शरीरात जात होते. पाणी शुद्ध करण्याची पद्धत रूढ झाल्यावर हा विकार दुर्मिळ झाला.

मेंदूच्या तळाशी असलेल्या व हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रकसमूहास (तलस्थ गुच्छिका) दोन्ही विकारांत इजा होऊ शकते. साखर अतिशय वाढल्यास शरीराच्या एका बाजूचे हातपाय नाचल्यासारखे हलू लागतात. बेडवेल यांनी १९६० मध्ये याचा उल्लेख केला. साखर आटोक्यात आणल्यावर हा विकार बहुधा शमतो. १९९८ मध्ये वांग, ब्राउन व लीस यांनी मूत्रविषरक्ततेत या केंद्रकांना दोन्ही बाजूंस एकाच वेळी सूज येऊन अचानक ताठरपणा किंवा अनैच्छिक हालचाली उद्भवतात, असे दाखविले. असे रुग्ण बहुतांशी मधुमेही व आशियाई असल्याचे पुढील नोंदींवरून दिसून आले. अपोहन व साखरेचे नियंत्रण यांनी अनेकांना उतार पडतो. काहींत मात्र कंपवातासारखी मंदता शिल्लक राहते.

महाराष्ट्रात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मूत्रपिंडाच्या प्रतिरोपणाचा प्रयत्न झाला; भारतातील यशस्वी प्रतिरोपण १९७१ मध्ये वेल्लोर येथे झाले. पुढे अपोहनाची सोय जिल्ह्याच्या ठिकाणांपर्यंत पोहोचली. कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे संस्थानी काळात ॲल्बर्ट एडवर्ड रुग्णालय म्हणून ओळखले जाई. तेथे जिल्ह्यातील रुग्णांबरोबर कोकण व सीमाभागातील रुग्णही येतात. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अपोहनाचा समावेश असल्याने गरीब रुग्णांचा खर्चाचा भार हलका झाला. तथापि आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तासांचा हा उपचार असतो. शाहूवाडी, गगनबावडा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांतून शहरात येणाऱ्या रुग्णाची एखादी खेप चुकणे अवघड नसते आणि खेपा चुकल्या की त्याज्य द्रव्ये पुन्हा साचू लागतात.

अशा रुग्णाच्या अंगाला अचानक झटके आल्यास किंवा हातपाय वाकडेतिकडे हलू लागल्यास तो अर्धांगवायू अथवा फेफरे समजला जाण्याचा संभव असतो. प्रथम रक्तातील साखर पाहणे आवश्यक असते. कारण निकामी मूत्रपिंडांमुळे इन्शुलिनाचा प्रभाव लांबतो व साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यानंतर यूरिया, क्रिॲटिनीन, क्षार व रक्ताची अम्लता यांची तपासणी करतात. चालू औषधांची यादी पाहणेही तितकेच महत्त्वाचे असते. पायांच्या दाहावर दिले जाणारे गॅबापेंटिन, उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड व जंतुसंसर्गावरील सेफेपीम ही औषधे मूत्रपिंडांवाटे बाहेर पडत असल्याने शरीरात साचतात आणि हालचालींचे विकार उत्पन्न करतात. मात्रा कमी केल्यास किंवा औषध थांबविल्यास ते बहुधा नाहीसे होतात. दीर्घकाळ झिजलेल्या तंत्रिका मात्र पूर्ववत होणे कठीण असते. मूत्रविषरक्ततेमुळे झालेल्या तंत्रिकाविकारात यशस्वी प्रतिरोपणानंतर सुधारणा दिसते. ब्राइट यांच्या काळी जी लक्षणे अंताची मानली जात, त्यांतील कित्येक आज वेळीच ओळखल्यास उपचारसाध्य ठरतात.