दुधाची लोकर

उत्तरेकडील थंडीत लोकरीचे मोल आम्हांस पुरते उमगते. १९३५ मध्ये ॲबिसीनियावरील स्वारीपायी राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले, तेव्हा तेथे परदेशी लोकरीची चिंता उत्पन्न झाली. अंतोनिओ फेरेत्ती याने मलई काढलेल्या दुधातील केसीन कॉस्टिक सोड्यात विरघळविले, सूक्ष्म छिद्रांतून आम्लात सोडले आणि त्या तंतूंस फॉर्मॅल्डिहाइडने दृढ केले. हेच 'लानिताल'. ऊब लोकरीसारखी; मात्र भिजताच बळ सरे. मलई काढलेले दूध टाकाऊ, हे आमच्या घरांत कोणी मानले नसते, ती गोष्ट वेगळी! पुढे ब्रिटनमध्ये भुईमुगाच्या पेंडीपासून, म्हणजे गुरांच्या तोंडच्या घासापासून, 'आर्डिल' निघाले. स्कॉटलंडमधील डम्फ्रीझ येथील त्याचे उत्पादन १९५७ मध्ये थांबले. नायलॉनादी कृत्रिम धाग्यांपुढे त्याचा निभाव लागला नाही.