व्हॅलिडिटी : सनद आणि सही

पोफळी म्हटले की कुंभार्ली घाटाचा पायथा आणि कोयनेचे भूमिगत वीजगृह आठवते. या चिपळूण तालुक्यात 'व्हॅलिडिटी' हा शब्द आज आपण दोन अर्थांनी वापरतो. रिचार्जची व्हॅलिडिटी म्हणजे मुदत, ती संपते. मुलांच्या प्रवेशाला लागणारी व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. तिला मुदत नाही, पण ती मिळवताना आपली दमछाक होते.

मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बळकट. 'वैध' म्हणजे विधीला धरून असलेले. त्याच्या जवळचे दोन अरबी शब्द मराठीने केव्हाच आपलेसे केले आहेत : सनद आणि सही. 'सही' मूळचा 'सहीह', म्हणजे बिनचूक. हदीसच्या शास्त्रात सनद म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी. ती मध्येच तुटली तर हदीस सहीह ठरत नाही. पडताळणी समितीही अशीच साखळी मागते : मुलगा, बाप, आजोबा.

२ सप्टेंबर १९९४ रोजी माधुरी पाटील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जात पडताळणीची पद्धत घालून दिली. त्याच वर्षी ७ डिसेंबरला महाराष्ट्र शासनाने मुस्लिम ओबीसींना सवलती देणारा निर्णय काढला. शब्बीर अन्सारी यांच्या चळवळीचे ते फळ होते. दिलीपकुमारही तिच्या पाठीशी उभे राहिले होते. म्हणजे आपल्यासाठी दार उघडले, तेव्हा दारावर पहारा बसून तीन महिने झाले होते. पुढे १८ ऑक्टोबर २००१ पासून पडताळणीचा कायदा लागू झाला. त्याच्या कलम ८ ने पुराव्याचा भार अर्जदारावर टाकला.

ओबीसींसाठी मानीव दिनांक १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा त्याआधीचा हवा. आजोबांच्या शाळेचे रजिस्टर उघडावे, तर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान'! धंदा तांबोळ्याचा, पिंजाऱ्याचा. पण नमाजच्या सफीत जात नसते, म्हणून सांगणाऱ्याने सांगितली नाही आणि लिहिणाऱ्याने विचारली नाही. त्या समतेची किंमत आज नातवंडे मोजतात. प्रकल्पाच्या कामासाठी बाहेरून आलेल्या कुटुंबाचे कागद तर पोफळीत नसतातच. ते मूळ गावी शोधावे लागतात.

म्हणून शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी, कोतवाल बुके, मोडीतले जुने दस्त आपण आजच धुंडाळले पाहिजेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वंशावळ लिहून ठेवली पाहिजे. आपण कोण, हे आपल्याला ठाऊक आहे. ते कागदावर सही ठरवण्याचे काम मात्र आपल्याच माथी आले आहे.