एक एकवीस अंकी संख्या आणि ‘माहीत असणं’

आज एकाच संख्येबद्दल बोलू. दोनाचा ६७ वा घात घ्या आणि त्यातून एक वजा करा. उत्तर येतं १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंक! ही संख्या मूळ आहे का? म्हणजे १ आणि ती स्वतः, एवढेच तिचे विभाजक आहेत का?

मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली अशा मूळ संख्यांची यादी दिली, तीत ही होती. यादी सुमारे सव्वादोनशे वर्षं तशीच राहिली. मग १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी दाखवलं की ही संख्या मूळ नाही. कसं दाखवलं, ते बघा. ती मूळ असती, तर एका ठरावीक आकडेमोडीत बाकी शून्य यायला हवी होती. ती आली नाही. म्हणजे या संख्येचे अवयव नक्की आहेत, पण कोणते? ते ल्युकांना ठाऊक नव्हतं.

आपल्या नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर हे अनुमान झालं. डोंगरावर धूर दिसला, अग्नी आहे हे कळलं. पण तो कुठल्या झाडाखाली पेटलाय, हे धूर सांगत नाही.

तो अग्नी दाखवला फ्रँक नेल्सन कोल यांनी, १९०३ च्या ऑक्टोबरात, न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या सभेत. एरिक टेम्पल बेल यांनी सांगितलेली हकिकत अशी, की कोल एक शब्दही न बोलता फळ्याकडे गेले. एका बाजूला घाताचं उत्तर काढलं, दुसऱ्या बाजूला १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ हा गुणाकार केला. दोन्ही उत्तरं एकच आली, आणि सभेने टाळ्या वाजवल्या. हे शोधायला किती काळ लागला, असं पुढे बेल यांनी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, तीन वर्षांचे रविवार.

आता यातली विषमता लक्षात घ्या. शोधायला तीन वर्षं. पडताळायला मात्र शाळेतला गुणाकार पुरे.

हीच विषमता १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी गुप्तलेखनासाठी वापरली. त्यांच्या पद्धतीत आज सहाशेहून अधिक अंकांच्या संख्या सर्रास वापरतात. त्यांना अवयव आहेत हे साऱ्या जगाला माहीत असतं. ते कोणते, हे फक्त किल्ली ज्याच्याकडे आहे त्यालाच ठाऊक.

पण अवयव शोधण्याची सोपी रीत साध्या संगणकासाठी नाहीच, असं कुणी सिद्ध केलंय का? नाही. ती सापडलेली नाही, एवढंच. भाट्ट मीमांसक ‘अनुपलब्धी’ला, म्हणजे न आढळण्याला, प्रमाण मानतात, पण अट घालतात, की वस्तू असती तर ती दिसायलाच हवी होती. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. इथे खोलीत उजेड पुरेसा आहे का, हे अजून ठरायचंय. आणि तेवढ्या भरवशावर आपण आपली गुपितं त्या खोलीत ठेवून मोकळे झालोय.