परवाना गावाचा, नकाशा पणजीचा

पेडणे किंवा डिचोली तालुक्यात गावालगतच्या जमिनीवर बांधायचे म्हटले की कागदांची रांग ठरलेली असते: एक-चौदाचा उतारा, नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, भूरूपांतराची सनद आणि पंचायतीचा बांधकाम परवाना. गावाला विचारणा होते ती शेवटी. तोवर जमीन 'ऑर्चर्ड'मध्ये (बागायतीत) राहणार की 'सेटलमेंट'मध्ये (वसाहतीत) जाणार, हे पणजीतल्या नकाशाने ठरवलेले असते. या वादांची चर्चा बहुधा पैशाच्या आणि परप्रांतीय बिल्डरांच्या अंगाने होते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. या भागात जमिनीचा निर्णय गावाच्या डोक्यावरून घेण्याची रीत नियोजन कायद्याहून कितीतरी जुनी आहे, आणि कायद्याने ती मोडण्याऐवजी तिला नवे कार्यालय दिले.

डिचोली, सत्तरी आणि पेडणे 1781 ते 1788 या काळात पोर्तुगीजांकडे आले; म्हणूनच ते नव्या काबिजादीत मोडतात. जुन्या काबिजादीतल्या तिसवाडी, साष्टी, बार्देशात गावकरीची सामाईक जमीन हा ग्रामजीवनाचा कणा होता. पेडण्यात देशप्रभूंसारख्या भाटकार (जमीनदार) घराण्यांचे वजन मोठे. कूळ पिढ्यान्‌पिढ्या कसत असे, पण बांधाबाहेर काय व्हावे याचा शब्द भाटकाराचा. 1964 चा कूळ कायदा आणि 1976 ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कुळाला मालक मानले; पुढे 1991 च्या कायद्याने अशी जमीन शेतीखेरीज वापरू नये असेही ठरवले. डिचोलीतल्या मयेची कथा मात्र वेगळीच. 1961 नंतर मयेचे जमीनदार असलेले कोंद (काउंट) पोर्तुगालला गेले आणि त्यांची मालमत्ता निर्वासित मालमत्ता म्हणून कस्टोडियनच्या ताब्यात आली. राजवट गेली, जमीनदार गेला, तरी गावकऱ्याच्या घराखालची जमीन त्याच्या नावावर होईना. ती शासनाकडे वर्ग करून रहिवाशांना हक्क देण्याचा कायदा यायला 2014 उजाडले. ज्याच्या हाती मालकीचा कागदच नाही त्याने बांधकामाची परवानगी मागायची तरी कशाच्या जोरावर?

गोव्याचा नगर आणि ग्रामनियोजन कायदा 1974 चा. त्याचे नाव आणि मूळ कल्पना इंग्लंडच्या 1947 च्या कायद्यातून आलेली. तिथे जमीन मालकाची राहिली, पण तिच्यावर बांधण्याचा हक्क परवानगीवर अवलंबून झाला. इंग्लिश खेड्याशेजारच्या शेतात घरे बांधायची तर अर्ज स्थानिक परिषदेकडे जातो, शेजारी हरकती घेतात, आणि या भांडणात वर्षे जातात. आपण कल्पना घेतली, पण अधिकार राजधानीत ठेवला. 1986 च्या प्रादेशिक आराखड्यानंतर 2011 साठीचा आराखडा 2006 मध्ये अधिसूचित झाला. जंगल-डोंगरांवर वसाहतींचे रंग दिसताच गोवा बचाव अभियान उभे राहिले आणि 2007 च्या जानेवारीत सरकारने तो मागे घेतला. त्यानंतरच्या 2021 च्या आराखड्यासाठी, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कार्यदलाच्या काळात, नकाशे पंचायतींकडे गेले आणि सूचना मागवल्या गेल्या. गावाने नकाशा वाचण्याचा एवढा मोठा प्रयोग गोव्यात तेव्हा झाला. 2012 मध्ये नवे सरकार आले आणि तो आराखडाच स्थगित झाला. पुढे नियोजन कायद्यात 2018 मध्ये 16 ब आणि 2023 मध्ये 17(2) ही कलमे आली आणि जमिनीचा रंग आराखड्याऐवजी एकेका अर्जावर बदलू लागला.

सरकारची बाजू पोकळ नव्हती. आराखड्यात चुका होत्याच. राहते घर ऑर्चर्डमध्ये दाखवले गेले तर त्या माणसाने दुरुस्ती कोणाकडे मागायची? पण अशी चूक सर्वांसाठी एकाच जाहीर पद्धतीने सुधारता येते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये 17(2) चे नियम आणि मार्गदर्शक तत्त्वे रद्द केली, कलमाचा अर्थही आवळला. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: गाव तरी कुठे निर्मळ आहे? जमीन विकणारे गावातलेच, परवाना देणारे पंचही गावातलेच. पेडण्यातल्या मोपा विमानतळाचे उद्घाटन 2022 च्या डिसेंबरात झाले, तेव्हा भोवतालची जमीन विकायला उत्सुक असलेल्यांत पेडणेकरही होते. हे मान्यच करावे लागते. तरीही ग्रामसभेतला सौदा शेजाऱ्याच्या डोळ्यांसमोर होतो, त्याला जाब विचारता येतो. फाइलीतला सौदा राजपत्र उघडल्यावर कळतो. 2023 मध्ये पेडण्याचा झोनिंग आराखडा जाहीर होताच तालुका उठला आणि तो मागे घ्यावा लागला. एवढ्या विरोधाला वाव मिळाला तो नकाशा एकत्र, संपूर्ण तालुक्याचा म्हणून समोर आल्यामुळे. 2024 मध्ये आलेल्या 39 अ कलमाखाली बदल पुन्हा सुट्या तुकड्यांनी जाहीर होतात. हरकतीला तीस दिवसांची मुदत असते, आणि त्या हरकती नगरनियोजन मंडळापुढे, म्हणजे पुन्हा पणजीतच जातात.